ठिपकेमामांनी पुसलेली टाकी

माझे मामा किळसवाणे नाहीत, पण त्यांना सतत येणाऱ्या किळसेची मला किळस यायची. हे वाक्य मी त्यांच्या तोंडावर बोलले आहे, त्यामुळे इथे लिहायला हरकत नाही.

चाळीस वर्षं ते एका फोटो स्टुडिओच्या मागच्या खोलीत बसून ठिपके भरत होते. फोटो धुऊन वाळला की त्यावर धुळीच्या कणांचे पांढरे ठिपके राहायचे. मामा बारीक ब्रश घ्यायचे, त्याचं टोक ओठांत धरून निमुळतं करायचे आणि त्या जागेच्या रंगाशी जुळणारी शाई एकेका ठिपक्यात सोडायचे. ठिपका तिथे होता हे कुणाच्या बापाला कळत नसे. बाकी सगळ्या जगाशी हात न लावता वागणारा हा माणूस तो ब्रश मात्र खुशाल तोंडात घालायचा. स्टुडिओतले लोक त्यांना 'ठिपके' म्हणायचे, म्हणून मी ठिपकेमामा म्हणते.

त्यांच्या डोळ्यांना डागाशिवाय काही दिसतच नाही. पाण्याचा पेला आधी उजेडात धरणार, मग पिणार. दाराची कडी कोपराने उघडणार. कुणाच्या घरी जेवायचं म्हटलं की त्यांचं पोट नेमकं त्याच दिवशी बिघडलेलं. लग्न त्यांनी केलं नाही, आणि का केलं नाही हे कुणाला विचारावंसंही वाटलं नाही.

माझी आई त्यांची थोरली बहीण. तिची कमरेखालची बाजू गेली तेव्हा मी मामांकडे गेले होते. त्यांच्याकडे दोन खोल्या, दोन्ही तळमजल्यावर, आणि राहणारे ते एकटे. मी सरळ विचारलं, "मामा, आईला इथे ठेवता का? मी येऊन जाऊन करीन सगळं."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "अगं, माझी ना नाही. पण ते... अंथरुणातलं... मला नाही जमणार गं."

अंथरुणातलं! ज्या बहिणीने लहानपणी यांचं सगळं काढलं, तिचं अंथरुणातलं यांना जमणार नव्हतं. मी उठले. तिथे दिलेला चहाही घेतला नाही.

मग मी आईला वृद्धाश्रमात ठेवलं, आणि तिथेच आया म्हणून लागले. अंथरुणाला खिळलेलं माणूस घेणारी आमच्या भागात ती एकच जागा. मला राहायला आयांच्या खोलीत एक खाट मिळाली आणि आईला खिडकीजवळचा पलंग. मामा महिन्यातून एकदा यायचे. दाराजवळच्या खुर्चीवर रुमाल अंथरून बसायचे आणि तिथूनच विचारायचे, "ताई, बरी आहेस ना?" आई हसून म्हणायची, "ये ना जरा जवळ, चावत नाही मी." ते रुमालासकट दोन बोटं पुढे सरकायचे.

आता आश्रमाबद्दल. तिथल्या मॅनेजरबाईंना आम्ही आया आपसात अत्तरबाई म्हणायचो. त्यांच्या हातात कायम सुवासाचा फवारा. नातेवाईक यायचे असले की व्हरांडाभर फुस्स फुस्स करत फिरायच्या. चादरी बदलायला सांगणार नाहीत, चादरीवर फवारा मारणार. लघवीच्या वासावर गुलाबाचा वास बसला की जे तयार होतं, ते अजून माझ्या नाकातून गेलेलं नाही.

उन्हाळ्याच्या तोंडाला आश्रमातल्या म्हाताऱ्यांची पोटं बिघडायला लागली. आधी दोघांची, मग सातांची. आठवड्याभरात आम्ही चौघी आया दिवसभर फक्त चादरीच काढत होतो. पाण्याला वास येत होता, तो सगळ्यांनाच येत होता. एका आजोबांनी जेवणाच्या वेळी मोठ्याने तसं म्हटलं, तर अत्तरबाई गोड हसून म्हणाल्या, "पाण्याला नाही हो आजोबा, तुमच्या नाकाला येतोय."

एके दिवशी आईच्या पेल्यात एक पीस सापडलं. नखाएवढं, करड्या रंगाचं. मी ते बोटावर घेतलं आणि उजेडात धरून बघितलं. दुपारी सगळे झोपलेले बघून मी गच्चीवर गेले आणि लोखंडी शिडीने टाकीवर चढले. झाकणाला तडा गेला होता. एका बाजूचा तुकडा पडून हातभर भोक झालं होतं आणि कुणीतरी निळ्या दोरीने ते झाकण जागेवर कसंबसं बांधून ठेवलं होतं. झाकणावर लाल रंगात मोठा तीनचा आकडा. मी फोनवर व्हिडिओ चालू केला, दुसऱ्या हाताने दोरी सोडली, झाकण उचललं आणि आत बघितलं.

एक कबुतर वर तरंगत होतं, फुगलेलं. दुसऱ्याचं जे उरलं होतं ते तळाला होतं. तळ म्हणजे काय, चार बोटं गाळ. त्यात पिसं, विष्ठा, आणि काहीतरी वळवळत होतं. हेच पाणी तेवीस म्हातारी माणसं पीत होती. ह्याच पाण्यात आम्ही त्यांची औषधं विरघळवत होतो.

व्हिडिओ थांबवून मी तीन फोटोही काढले. मग फरशी पुसायच्या दांड्याने वरचं कबुतर ओढून काढलं. ते अख्खं आलं नाही. यापुढचं मी सांगत नाही, तुम्ही जेवून वाचत असाल.

त्या दिवसापासून मी आईसाठी कोपऱ्यावरच्या सार्वजनिक नळाचं पाणी बाटलीत भरून आणायला लागले. लपवून. आईला नळाचं पाणी आणि बाकीच्या बावीस जणांना कबुतराचं. त्या आजोबांना मी स्वतःच्या हाताने पेला भरून द्यायची आणि ते म्हणायचे, "सुखी राहा पोरी." माझी मलाच किळस आली.

तुम्ही म्हणाल, सरळ जाऊन सांगायचं होतं. आदल्या वर्षी एका आयाने आमटीत अळ्या निघाल्याचं ओरडून सांगितलं होतं. तिची सासू आश्रमातच होती. तासाभरात सासूची पिशवी फाटकाबाहेर ठेवली होती आणि त्या पिशवीशेजारी सासू. मी तर भाड्याची खोली सोडून आले होते, मला बाहेर घरही नव्हतं. मी तोंड उघडलं असतं तर आईचा पलंग गेला असता, इतकं ते सोपं होतं.

म्हणून मी ठरवलं की फोटो पाठवायचे, पण आपलं नाव कुठे येऊ द्यायचं नाही. आणि माग पुसायचे तर त्यात मामांएवढा पटाईत माणूस दुसरा कोण? सुट्टीच्या दिवशी मी त्यांच्याकडे गेले. त्या न घेतलेल्या चहानंतर पहिल्यांदाच.

मामांनी आधी माझा फोन ओल्या फडक्याने पुसला. मग फोटो लॅपटॉपवर घेतले. पहिला फोटो उघडला आणि ते उठून मोरीत गेले. परत आले तेव्हा तोंड धुतलेलं होतं आणि चेहरा पांढरा.

"ताई हे पीत होती?"

"होती. आता नाही. बाकीचे पितात."

मामांनी लॅपटॉप पुन्हा पुढे ओढला. मग बाह्या वर केल्या आणि कामाला लागले. त्या दुपारी मी पहिल्यांदा त्यांना काम करताना नीट बघितलं, आणि खरं सांगते, मला त्यांचा अभिमान वाटला.

"हे बघ," ते म्हणाले, "फोटोच्या पोटात एक चिठ्ठी असते. ती डोळ्यांना दिसत नाही. कुठल्या फोनने काढला, कुठल्या दिवशी, किती वाजून किती मिनिटांनी, आणि कुठल्या जागी. फोटो पाठवलास की चिठ्ठीही जाते." त्यांनी ती मला दाखवली. माझ्या फोनचं नाव, दुपारचे दोन वाजून दहा मिनिटं आणि नकाशावर आमच्या आश्रमाच्या डोक्यावर एक लाल टाचणी. दुपारी दोनला कोण कामावर होतं हे हजेरीवरून शेंबड्या पोरालाही कळलं असतं.

मामांनी ती चिठ्ठी पुसली. फाइलचं नाव बदललं, कारण त्या नावातच तारीख होती. मग चित्राकडे वळले. कडेला माझा अंगठा आला होता, तो कापला. दुसऱ्या फोटोत गणवेशाच्या बाहीची हिरवी किनार होती, ती पुसली. तिसरा फोटो त्यांनी मोठा करत नेला, आणखी मोठा केला, आणि बोट ठेवलं. "ही कोण?"

पाण्यात मी होते. कबुतराच्या बाजूला, तोंड वाकडं करून खाली बघणारी. माझंच तोंड मला ओळखू आलं. मामांनी ते पाण्याच्या रंगाने भरून टाकलं. हात इतका हलका की पाणी हललंसुद्धा नाही.

मग ते पाण्यावरचे पांढरे कण भरायला लागले. एक, दोन, पाच. मी ओरडले, "अहो मामा, काय करताय? तीच तर घाण ठेवायची आहे!"

"अरेच्चा," ते ओशाळले. "हात गेला आपोआप." आणि काढलेली घाण त्यांनी एकेक करून परत जागेवर आणली. अशी वेळ त्यांच्यावर उभ्या आयुष्यात आली नसेल.

व्हिडिओ लावला तर काय, नुसती माझी शी! मला सवयच आहे. घाण दिसली की माझ्या तोंडून "ई शी शी शी शी!" असं निघतं, चढत्या सुरात, आणि शेवटी "मेल्यांनो!" आश्रमात तीन खोल्या पलीकडून लोक ओळखतात. आजोबा तर त्याची नक्कल करायचे. मामांनी आवाज काढून टाकला.

"झालं," ते म्हणाले.

"नाही झालं," मी म्हटलं. "झाकणावरचा तीन काढा. तो तडा, ती निळी दोरी, सगळं काढा."

"ते कशाला? त्यात तू कुठे आहेस?"

"टाकी ओळखू आली की शिडी कोण चढतं ते बघतील. आम्हा चौघींत शिडी चढण्यासारखे गुडघे दोघींचेच आहेत. त्यातल्या दुसरीला उंचीवर चक्कर येते."

मामांनी मान हलवली आणि आकडा, तडा, दोरी सगळं पुसलं. व्हिडिओतला झाकणाचा भागही कापला. शेवटी त्यांनी मला फोनमधले मूळ फोटो आणि व्हिडिओ स्वतःसमोर पुसायला लावले. दुसऱ्या दिवशी त्यांनीच सार्वजनिक वाचनालयातल्या कॉम्प्युटरवरून, नवा बिननावाचा पत्ता काढून, ते सगळं, आश्रमाचं नाव लिहून, आरोग्य खात्याला आणि मी नोंदवहीतून उतरवलेल्या पत्त्यांवर आश्रमातल्या सगळ्यांच्या नातेवाइकांना पाठवलं. मी सुटकेचा निःश्वास टाकला.

चार दिवसांनी अत्तरबाईंचं पत्र सगळ्यांच्या घरी गेलं. कुणा खोडसाळ व्यक्तीने बनावट फोटो पाठवून संस्थेची बदनामी चालवली आहे, रविवारी अकरा वाजता सर्वांनी यावं, खात्याचे तपासनीसही हजर राहतील.

रविवारी जेवणाच्या खोलीत नातेवाईक जमले. म्हाताऱ्यांनाही खुर्च्यांवर आणून बसवलं होतं, आईला चाकाच्या खुर्चीत. गुलाबाच्या वासाने श्वास कोंडत होता. तपासनीस साहेबांनी पेल्यातलं पाणी लांबून बघितलं. गच्चीवर चला म्हटल्यावर म्हणाले, शिडी लोखंडी आहे, माझा गुडघा धरलाय. मग बिस्किटं खाल्ली. बशीतली सगळी.

अत्तरबाईंनी दोन फोटो वर धरले, मामांनी केलेला एक आणि त्यांनी स्वतः काढून आणलेला एक. "हे बघा. ही आमची टाकी. झाकणाला तडा आहे, मी लपवत नाही. दोरी बांधलेली आहे. तीनचा आकडा आहे. आणि ह्या बनावट फोटोत? ना तडा, ना दोरी, ना आकडा. जगातल्या कुठल्याही टाकीचा असेल हा! आणि ज्याने काढला त्याला नाव सांगायची लाज का वाटते?"

नातेवाइकांनी माना डोलावल्या. त्यांना माना डोलवायच्याच होत्या. फोटो खरा निघाला असता तर आईबापांना घरी न्यावं लागलं असतं ना! एक सूनबाई तर म्हणाल्या, "आमचा बाई पूर्ण विश्वास आहे." मी चहाचा ट्रे घेऊन उभी होते. ज्या फुटक्या झाकणातून कबुतरं पडली, तेच झाकण ही बाई दाखला म्हणून मिरवत होती, आणि तो दाखला तिच्या हातात आम्हीच दिला होता. भीतीपोटी आम्ही मला पुसता पुसता टाकीच पुसून टाकली होती.

इतक्यात मामा माझ्याजवळ आले. खांद्याला लॅपटॉपची पिशवी.

"मूळ आहे माझ्याकडे," ते हळूच म्हणाले.

"तुम्हीच तर मला पुसायला लावलंत!"

"तुझ्या फोनमधून. निगेटिव्ह कुणी फेकतं का? गिऱ्हाईक भांडलं, मेलं, तरी निगेटिव्ह डब्यात राहते. चाळीस वर्षांची सवय आहे." मग थांबून म्हणाले, "त्यात सगळं आहे. तारीख, जागा, झाकण. तुझं तोंड आहे. आवाज आहे. तू म्हणशील तर लावतो. नाहीतर जसा आणला तसा परत नेतो, कुणाला कळणार नाही."

मी आईकडे बघितलं. तिच्या शेजारी ते आजोबा बसले होते, आठवड्यात निम्मे झालेले. त्यांच्या हातात पाण्याचा पेला होता. तो मीच भरून दिला होता.

"आणि आईचं काय?" मी विचारलं.

मामांनी चष्मा काढला. मला वाटलं पुसतील, आणि आता तेच ऐकावं लागेल. त्यांनी तो न पुसताच घातला. "माझ्याकडे दोन खोल्या आहेत," ते म्हणाले.

"लावा," मी म्हटलं.

त्यांनी भिंतीवरच्या टीव्हीला तार जोडली. कोपराने नाही, हाताने. आधी तीन आकडा दिसला, मग तडा, मग निळी दोरी सोडणारा माझा हात. झाकण वर गेलं आणि आतलं सगळं पडद्यावर आलं. खोलीत एकजण ओकारी काढत बाहेर पळाला. आणि मग माझा आवाज आला, खोलीभर, चढत्या सुरात: "ई शी शी शी शी! मेल्यांनो!"

ते 'मेल्यांनो' मी कबुतरांना म्हटलं होतं, पण त्या खोलीत ते बरोबर जागी जाऊन बसलं.

सगळ्या म्हाताऱ्यांनी एकदम माझ्याकडे बघितलं. तेवीस साक्षीदार, आणि नाव सांगायचीही गरज नाही. आजोबांनी हातातला पेला जमिनीवर ओतला. अत्तरबाई म्हणाल्या, "हा आवाज कुणाचा आहे, मला आत्ताच्या आत्ता कळलं पाहिजे." त्यांना कळलेलंच होतं.

मी तोंड उघडायच्या आधी आईचा आवाज आला. "माझ्या मुलीचा आहे," ती म्हणाली, जणू बक्षीस घ्यायला नाव पुकारलं असावं. "लहानपणापासून अशीच ओरडते ती."

त्या दिवशी तपासनीसांचा गुडघा बरा झाला. नातेवाइकांनी त्यांना जवळजवळ उचलूनच शिडीवर चढवलं. टाकीतून पाच बादल्या गाळ निघाला. अत्तरबाईंना नोटीस आली आणि नवं झाकण बसलं. त्या अजून तिथेच आहेत, फवाऱ्यासकट. विश्वासवाल्या सूनबाईंच्या सासूबाईही अजून तिथेच आहेत. मला मात्र त्याच दिवशी सामान उचलायला सांगितलं. आईची पिशवी फाटकाबाहेर ठेवायची वेळ आली नाही, ती मामांच्या हातात होती.

पहिल्या सकाळी जे व्हायचं तेच झालं. चादर भरली. मी मोरीतून बादली घेऊन धावत आले तर मामा आधीच पलंगाजवळ उभे. बाह्या वर, नाकाला रुमाल नाही. आईने तोंड भिंतीकडे केलं होतं. आश्रमात दोन वर्षांत ती कधी लाजली नव्हती, पण धाकट्या भावासमोर लाजली.

"मामा, सरका. मी करते," मी म्हटलं.

"तू तिला धर." त्यांनी चादर ओढली. चेहरा असा झाला की आता हे मोरीकडे पळणार. मग त्यांच्या तोंडून निघालं, अगदी माझ्याच सुरात, "ई शी शी शी शी!"

आई भिंतीकडे तोंड करून हसायला लागली. हसता हसता तिला ठसका लागला. "आता कळलं," ती म्हणाली, "ही कुणावर गेलीय ते."

मामांनी चादर स्वतः धुतली. दोनदा साबण लावला, घासली, उजेडात धरली, पुन्हा घासली. मधोमध एक पिवळट डाग राहिलाच. मी म्हटलं, मागच्या बाजूला वाळत घालू या, रस्त्यावरून दिसायला नको. ते चादर घेऊन पुढच्या दारी गेले आणि रस्त्याकडच्या दोरीवर तिची चारही टोकं ताणून त्यांनी ती नीट पसरली.

"डाग दिसतोय, मामा."

"दिसू दे," ते म्हणाले, आणि हात न धुताच आईला पाणी द्यायला आत गेले. मी मागून ओरडले, "आधी हात धुवा!"